गाणं वाईट आहे, की कुणी ऐकलंच नाही?

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका मित्राने त्याचं पहिलं गाणं रिलीज केलं. तो सिन्नरच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो आणि रूमवर आला की गिटार घेऊन बसतो. शब्द त्याचे, चाल त्याची. रेकॉर्डिंग गंगापूर रोडला एकाच्या बेडरूममध्ये, भिंतींना गाद्या उभ्या करून. तीन आठवड्यांनी ऐकणाऱ्यांचा आकडा दोनशेच्या आतच होता, आणि त्यातले निम्मे आपणच, असं तो स्वतः म्हणत होता. मी शाळेच्या, कॉलेजच्या, घरच्या अशा सगळ्या ग्रुपवर लिंक टाकली. खाली अंगठे आले, टाळ्या आल्या. गाणं कुणी उघडलं नाही.

मग कॉलेज रोडला चहा पिताना त्याने मला विचारलं, "तू पीएचडी करतेयस ना? मग सांग. गाणं वाईट आहे, की कुणी ऐकलंच नाही?"

मी काहीतरी सांत्वनाचं बोलले. पण घरी येताना लक्षात आलं की पेटच्या मुलाखतीत "रिसर्च क्वेश्चन म्हणजे काय" असं विचारल्यावर आपण जी पाठ केलेली व्याख्या म्हणतो, तिच्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी चांगला आहे. म्हणून आजची पोस्ट त्यावर. सोबत एका पेपरचं परीक्षण आहे. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल आणि आयुष्यात एकच पेपर 'मेथड' शिकण्यासाठी वाचणार असाल, तर माझ्या मते हा वाचा.

आधी प्रश्नाची अडचण बघा. आपल्याकडे डेटा एकच आहे : आकडा कमी. स्पष्टीकरणं दोन आहेत. एक, गाण्यात दम नाही. दोन, गाण्यात दम आहे, पण सुरुवातीला कुणी ऐकलं नाही, म्हणून ते पुढे सरकलं नाही. दोन्ही स्पष्टीकरणांतून नेमका हाच आकडा येतो. आकडा कितीही वेळ बघत बसलात तरी दोघांत निवड करता येणार नाही. आम्ही स्टॅटिस्टिक्सवाले याला 'आयडेंटिफाय होत नाही' म्हणतो. साध्या भाषेत, आरोपी दोन आणि बोटांचे ठसे एकच.

सुटका एकाच मार्गाने होते. तेच गाणं, तेच ऐकणारे, तीच सुरुवात, असं जग पुन्हा पहिल्यापासून चालवून बघायचं. दुसऱ्यांदाही ते गाणं पडलं, तिसऱ्यांदाही पडलं, तर दोष गाण्याचा. कधी पडलं, कधी पहिलं आलं, तर दोष नशिबाचा. पण जग पुन्हा कोण चालवणार?

मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी चालवलं. तेव्हा ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. पेपर फेब्रुवारी २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. जेमतेम तीन पानांचा आहे.

त्यांनी एक वेबसाइट बनवली आणि तिच्यावर फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी ठेवली. एकूण १४,३४१ लोक आले, बहुतेक तरुण पोरं. प्रत्येकाने हवं ते गाणं ऐकायचं, एक ते पाच तारे द्यायचे आणि वाटलं तर फुकट डाउनलोड करायचं. खरी युक्ती पुढे आहे. येणाऱ्या माणसाला कळू न देता कुठल्यातरी एका खोलीत टाकलं जायचं. एका खोलीत फक्त गाण्यांची नावं आणि बँडची नावं दिसत. या खोलीला 'स्वतंत्र' म्हणू. बाकी आठ खोल्यांत प्रत्येक गाण्यासमोर हेही दिसे की, याच खोलीत आधी आलेल्या किती जणांनी ते डाउनलोड केलं. आठही खोल्या शून्यापासून सुरू झाल्या आणि एका खोलीतलं दुसरीत काही दिसत नव्हतं. म्हणजे आठ समांतर जगं. आपल्या आजीच्या गोष्टीत सात समुद्र असायचे, यांच्याकडे आठ बाजार होते.

निकाल असा. दुसऱ्यांची पसंती दिसायला लागली की लोकप्रिय गाणी जास्तच लोकप्रिय होतात आणि पडलेली जास्तच पडतात. ही विषमता त्यांनी गिनी गुणांकाने मोजली. अर्थशास्त्रात उत्पन्नाची विषमता मोजायला वापरतात, तोच. इथवर आश्चर्य काही नाही, कुठलाही पानवाला हे सांगेल. खरी गंमत दुसऱ्या निकालात आहे. कुठलं गाणं वर जाईल हे आठ जगांत एकसारखं निघेना. '५२ मेट्रो' नावाच्या बँडचं 'लॉकडाउन' हे गाणं स्वतंत्र खोलीतल्या क्रमवारीत ४८ पैकी २६ वं होतं. तेच एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या एका जगात चाळिसावं. गाणं तेच, एक सूर इकडचा तिकडे नाही.

प्रयोगही त्यांनी दोनदा केला. पहिल्यात गाणी चौकटींत विखरून मांडली होती, दुसऱ्यात एकाखाली एक, सगळ्यात जास्त डाउनलोड वर. नुसत्या मांडणीतल्या या बदलाने विषमताही वाढली आणि अनिश्चितताही. पुढच्या वेळी कुठलीही 'टॉप ५०' यादी उघडाल तेव्हा हे आठवा. यादी म्हणजे निकाल असं आपण धरून चालतो, पण पुढचा निकाल घडवण्यात तिचाही हात असतो.

पण "सगळं नशीब आहे" असं पेपर म्हणत नाही, आणि इथेच बरेच जण तो चुकीचा सांगतात. सेमिनारमध्ये दोनदा ऐकलंय मी. लेखकांचं म्हणणं असं की, सगळ्यात चांगली गाणी क्वचितच फार वाईट पडली, सगळ्यात वाईट गाणी क्वचितच फार वर गेली, आणि मधल्यांचं काहीही होऊ शकतं. 'मधल्यांचं काहीही' हे शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

सॅल्गानिक आणि वॉट्स यांनी २००८ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १२,२०७ लोक होते. यावेळी काही जगांत त्यांनी आकडे चक्क उलटे केले. ४८ वं गाणं पहिलं म्हणून दाखवलं, पहिलं ४८ वं म्हणून. बऱ्याच गाण्यांच्या बाबतीत खोटी लोकप्रियता हळूहळू खरी झाली. सगळ्यात चांगली काही गाणी मात्र वेळ जाईल तशी पुन्हा वर सरकली. आणि अशा उलट्या जगांत एकूण डाउनलोडच कमी झाले. वरची गाणी ऐकून लोकांचा विरस होत असावा, ते निघून जात असावेत. हा शेवटचा निष्कर्ष मला पूर्ण पेपरात सगळ्यात मोलाचा वाटतो. खोट्या शिफारशीने एखादं गाणं फुगतं, पण शिफारशीवरचा विश्वासच आटतो. माझ्या ग्रुपवरचे अंगठे आठवा. "मित्राचं गाणं आहे, ऐका ना" असे निरोप त्या ग्रुपने इतके पाहिलेत की आता ते ऐकण्याआधीच टाळ्या वाजवून मोकळे होतात.

आता परीक्षण. पेपर मला आवडतो याचा अर्थ तो सोडून द्यायचा असा नाही.

पहिली खोट व्याख्येत आहे. 'चांगलं गाणं' म्हणजे काय? लेखकांनी ठरवलं : स्वतंत्र खोलीत ज्याला जास्त डाउनलोड, ते चांगलं. याला ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतात. मोजता येत नाही अशा गोष्टीला मोजता येईल अशी जागा द्यायची. यात लबाडी काही नाही, लेखकांनी ते स्पष्ट लिहिलंय. पण वाचणारा दोन पानांनंतर ते विसरतो आणि 'क्वालिटी' हा शब्द खराच धरतो. ती गुणवत्ता गाण्याची नाही, गाणं आणि ते ऐकणारी ती पोरं या जोडीची आहे. त्या ४८ मध्ये वामनदादा कर्डकांचं एक गाणं घातलं असतं तर स्वतंत्र खोलीत ते तळाला गेलं असतं, आणि पेपरच्या भाषेत त्याला 'कमी दर्जाचं' म्हटलं असतं.

वामनदादांचं नाव सहज आलेलं नाही. आपल्या जिल्ह्यात स्वतंत्र गीतकार म्हणून बोट दाखवायचं तर ते मी आधी त्यांच्याकडे दाखवीन. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा नशिबी नव्हती, मुंबईत मोलमजुरी करताना मोठेपणी अक्षरओळख झाली. १९४३ च्या सुमारास लिहायला लागले आणि २००४ मध्ये जाईपर्यंत हजारो गाणी रचली, गात गावोगाव फिरले. त्यांच्या आधी १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने याच नाशिक जिल्ह्यातून सुरुवात करून दिली होती. मागे कुठली कंपनी नाही, जाहिरात नाही. 'वाटचाल' हा संग्रह आला तो १९७३ मध्ये, म्हणजे लिहायला लागून तीस वर्षं झाल्यावर. तोवर गाणी कशावर चालली? गायन पार्ट्यांवर, जयंतीच्या मांडवावर आणि हाताने उतरवलेल्या वह्यांवर.

इथे पेपरची दुसरी खोट दिसते, आणि ती मला पहिल्यापेक्षा मोठी वाटते. त्या आठ खोल्यांतली शिफारस म्हणजे चेहरा नसलेला एक आकडा. तो आकडा वाढवायला एक क्लिक पुरे, आणि तीही फुकट. वहीत गाणं उतरवायला अर्धा तास लागतो. पार्टीत गायला घ्यायचं तर पाठ करावं लागतं, पेटीवर बसवावं लागतं, चारचौघांसमोर पडलं तर तोंड लपवावं लागतं. अशी शिफारस देणाऱ्याला महाग पडते, म्हणून घेणारा तिचं वजन करतो. महाग शिफारशींच्या जगात अनिश्चितता वाढते की कमी होते, हे ती वेबसाइट सांगू शकत नाही, कारण तिच्यावर सगळंच स्वस्त होतं.

लगेच भावूक होऊ नका मात्र. मी झाले होते. गाईडना हा मुद्दा उत्साहाने सांगितला, तर ते एवढंच म्हणाले, "आणि ज्यांची वही हरवली ते?" गप्पच बसले मी. वामनदादा आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांची गाणी टिकली. त्याच वर्षांत, त्याच वस्त्यांत आणखी किती जण रचत असतील आणि त्यांचं काहीच उरलं नसेल? टिकलेल्यांकडे बघून "चांगलं ते टिकतं" म्हणणं म्हणजे सर्व्हायव्हरशिप बायस. तोंडोतोंडीचा बाजारसुद्धा एक बाजारच आहे, फक्त त्याची नोंद नाही.

एक गोष्ट मात्र त्या परंपरेने आजच्या अ‍ॅपपेक्षा चोख केली. माझी आई स्वयंपाक करताना एक गाणं गुणगुणते. लहानपणापासून ऐकत आलेय, कुणाचं ते ठाऊक नव्हतं. एका अ‍ॅपवर शोधलं तर गायकाचं नाव होतं, अल्बमचं होतं, कंपनीचं होतं. गीतकाराची जागा रिकामी. मग आईला म्हटलं, शेवटपर्यंत म्हण. शेवटच्या कडव्यात 'वामन' आलं. 'तुका म्हणे' आणि 'जनी म्हणे' तर आपण शाळेत पाठ केलंय, पण डेटाच्या नजरेने कधी बघितलं नव्हतं. हा मेटाडेटा आहे, आणि गाण्याच्या आतच शिवलेला आहे. फाइल कॉपी करा, वही हरवा, गायक बदला, वृत्त मोडल्याशिवाय नाव निघत नाही. आजच्या स्वतंत्र गीतकाराचं नाव वेगळ्या रकान्यात असतं आणि पहिल्याच फॉरवर्डला गळून पडतं. नाशिक ढोलाचंही तेच. देशभरच्या वरातींत वाजतो, गाण्यांच्या नावात शहर येतं, वाजवणाऱ्याचं नाव शोधून दाखवा.

आता अ‍ॅप कसं सुचवतं, त्याबद्दल थोडं. १९९४-९५ च्या सुमारास एमआयटीत उपेंद्र शर्दानंद आणि पॅटी मेस यांनी 'रिंगो' नावाची व्यवस्था बनवली होती. तुम्ही ईमेलने काही कलाकारांना गुण द्यायचे, ती तुमच्यासारखे गुण देणारी माणसं शोधायची आणि त्यांना आवडलेलं तुम्हाला सुचवायची. कल्पना म्हणजे शेजारच्या आवडीचा उसना वापर. आजच्या यंत्रणा याच्या कितीतरी पुढे गेल्यात, प्रत्यक्ष आवाजाचंही विश्लेषण करतात, पण मूळ कल्पना अजून जिवंत आहे. अडचणही तीच : जे गाणं कुणीच ऐकलेलं नाही, त्याला शेजारीच नाही. याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. आणि थंड राहण्याला आता अधिकृत रेघ आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. प्रत्येक गाण्यामागे जाणारी रक्कम किरकोळ असते हे मान्य, पण रेघेच्या खाली कोण राहतं, तर जे नुकतेच आलेत ते.

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना मराठीतलं नवं स्वतंत्र संगीत म्हटलं की २०२४ चं 'तांबडी चामडी' आठवतं. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं हे गाणं मला आवडतं. मराठी शब्दांना हाऊसच्या ठेक्यावर इतकं मोकळं नाचताना मी आधी ऐकलं नव्हतं. पण ते पहिल्या काही सेकंदांतच पकडतं, आणि मोजणी त्या सेकंदांवर होणार असेल तर तशीच गाणी वर येणार. त्याउलट मुंबईच्या 'स्वदेसी'चं २०१९ मधलं 'वारली रिव्होल्ट' घ्या, आरे जंगल आणि तिथल्या आदिवासींबद्दलचं, प्रकाश भोईरांसोबत केलेलं. ते अंगावर येतं, पण हळू. भोईरांचा आवाज आणि रॅप यांचं एकमेकांशी काय चाललंय हे कळायला मला तीन वेळा ऐकावं लागलं. तीन वेळा मी ऐकलं कारण एका मैत्रिणीने "पहिल्यांदा सोडून देशील, सोडू नकोस" असं बजावून पाठवलं होतं. शिफारशीचं ते वाक्य बघा. "भारी आहे" म्हणाली नाही ती. कुठे अडखळशील ते सांगितलं.

तुमचा आणि या सगळ्याचा संबंध एव्हाना लक्षात आला असेल. संशोधनाचा विषय निवडताना तुम्ही गुगल स्कॉलरवर शब्द टाकता आणि ज्याचे सायटेशन जास्त तो पेपर आधी उघडता. मीही उघडते. रॉबर्ट मर्टनने १९६८ मध्ये 'सायन्स'मध्येच यावर लिहून ठेवलंय, 'मॅथ्यू इफेक्ट' : ज्याचं नाव आहे, त्याच्याच पदरात आणखी श्रेय पडतं. माझ्या पहिल्या पेपरला दीड वर्षात एकही सायटेशन नाही, त्यामुळे मी तटस्थ साक्षीदार नाही, हे धरून वाचा. पण वाचनयादीतला दर पाचवा पेपर आकडा न बघता उघडायचा, असा नियम मी वर्षभर पाळतेय. बरेचसे सामान्य निघतात. एकाने मात्र माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरण बदललं, आणि तो मी पहिल्या तीन पानांच्या निकालांत कधीच पाहिला नसता.

मित्राला मी सगळा पेपर सांगितला. त्याला वाईट वाटेल अशी भीती होती. तो म्हणाला, "मग मला ती स्वतंत्र खोली पाहिजे." आठ जगं आम्हाला परवडणारी नव्हती. मेसमधले अकरा जण मिळाले, त्याला न ओळखणारे. त्याचं गाणं आणि फारशी माहीत नसलेली आणखी चार मराठी गाणी, नावं काढून, प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने ऐकवली. एकमेकांसमोर बोलायचं नाही, चिठ्ठीवर क्रम लिहायचा. अकरा जणांवरून काही सिद्ध होत नाही, तुमच्या गाईडना दाखवू नका. त्याचं गाणं तिसरं आलं. बरोबर मधलं.

चिठ्ठ्या मोजून झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हसला. "मधल्यांचं काहीही होऊ शकतं, असंच आहे ना त्यात?" दोन चिठ्ठ्यांच्या मागे कुणीतरी, न सांगता, लिहून ठेवलं होतं की दुसऱ्या कडव्यात शब्द कळत नाहीत. त्या दोन चिठ्ठ्या तो खिशात घालून घेऊन गेला. मागच्या रविवारी फोन आला, गाद्या परत भिंतीला लावल्यात, तू येतेस का ऐकायला. या पोस्टमध्ये त्याचं नाव टाकू का, असं मी तेव्हा विचारलं. "नको," तो म्हणाला, "आधी कडवं होऊ दे."